आगरकर आणि डेन्मार्कचा राजपुत्र

कोपरगावात राघोबादादांचा जुना वाडा आहे. मुलांनो, शाळेत येता-जाता तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. राघोबादादा म्हणजे रघुनाथराव पेशवे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात त्यांचे पुतणे नारायणराव पेशवे यांचा खून झाला. नारायणराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. या खुनात काकांचा हात आहे, असा संशय साऱ्या पुण्याला आला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना निर्भयपणे दोषी ठरवले. पुढे अनेक वर्षे लढाया आणि तह झाले. शेवटी राघोबादादा कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात येथेच वारले.

काका, पुतण्या, गादी आणि खून. अशीच एक गोष्ट इंग्रज नाटककार विल्यम शेक्सपियर याने सुमारे १६०० साली नाटकात गुंफली. त्या नाटकाचे नाव हॅम्लेट. जगातील मोठमोठ्या नाटकांत त्याची गणना होते. हे नाटक मराठीत आणणारा माणूस त्या वेळी तुरुंगात होता. त्या माणसाचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची गरिबी फार होती. शिक्षणासाठी ते कऱ्हाडला आजोळी राहिले. पुढे शिकायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी कधी कचेरीत उमेदवारी केली, तर कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकण्याची सोय होईल या आशेने ते रत्नागिरीला पायी चालत गेले. तेथे काही जमले नाही, म्हणून परत फिरले. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते विदर्भात अकोल्याला पोहोचले.

अकोल्याच्या शाळेत त्यांना एक चांगले शिक्षक मिळाले. त्यांचे नाव विष्णु मोरेश्वर महाजनी. महाजनींना इंग्रजी वाङ्मयाची मोठी गोडी होती. पुढे १८७९ मध्ये त्यांनी शेक्सपियरच्या सिंबेलीन या नाटकावरून मराठीत तारा हे नाटक लिहिले. असा गुरू लाभल्यावर शिष्याला शेक्सपियरची ओळख झाली नसती तरच नवल! गोपाळ अभ्यासात हुशार होता, वादविवादात पटाईत होता आणि शिक्षकांशीही निर्भयपणे बोलत असे. महाजनींनी त्याला दूर लोटले नाही. उलट त्याला हात दिला.

१८७५ मध्ये आगरकर मॅट्रिकची परीक्षा पास झाले. याच वर्षी सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला मदरसा सुरू केला होता. नव्या विद्येची ओढ तेव्हा देशाच्या अनेक भागांत लागली होती. आगरकर पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांच्याजवळ एकच सदरा होता, असे सांगतात. रात्री तो धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे. निबंधांची बक्षिसे आणि शिष्यवृत्ती यांवर त्यांनी दिवस काढले. एकदा परीक्षेच्या फीसाठी पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी नाटक लिहून ते विकण्याचे मनात आणले. ही गोष्ट प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्या कानावर गेली आणि त्यांनी फीची सोय करून दिली, अशी आठवण सांगितली जाते.

कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री झाली. कॉलेजच्या मागच्या टेकडीवर दोघे तासन्‌तास बोलत बसत. देश गुलामीत आहे, लोक अज्ञानात आहेत, तेव्हा आपण सरकारी नोकरी न करता शिक्षणाचे काम करायचे, असे दोघांनी ठरवले. आगरकरांनी आईला पत्र लिहून आपला निश्चय कळवला. मुलगा मोठ्या परीक्षा पास होत आहे, आता घरात पैसा येईल, अशी आशा त्या माउलीने केली असणार. परंतु आपण धनाच्या मागे लागणार नाही, पोटापुरते मिळवून बाकीचे आयुष्य लोकांसाठी घालवू, असे त्यांनी तिला सांगितले. पत्र लिहिताना मुलाचे मन किती कासावीस झाले असेल, याचा तुम्हीच विचार करा.

जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. झाल्यावर आगरकरही त्या शाळेत आले. जानेवारी १८८१ मध्ये याच मंडळींनी दोन वृत्तपत्रे काढली. मराठी केसरी आणि इंग्रजी मराठा. केसरीचे पहिले संपादक आगरकर होते. मराठाचे काम टिळक पाहत.

या वेळी कोल्हापूरच्या गादीवर तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज होते. महाराजांना वेड लागले आहे, असे अधिकारी सांगत. महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ होत आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे अनेक लोकांना वाटे. बर्वे यांच्याविरुद्ध काही पत्रे केसरी-मराठाच्या मंडळींना मिळाली. त्यांनी ती खरी मानली आणि दिवाणांवर कडक टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरीही मुंबईच्या हायकोर्टाने १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा दिली. पुढे महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, ठेवण्यात आले. १८८३ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा दुःखद अंत झाला.

टिळक आणि आगरकर यांना मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात ठेवले होते. खोली लहान होती. अन्न खाण्याजोगे नव्हते. दोघांची वजने घटली. सुरुवातीला पुस्तके आणि लिहिण्याचे सामानही मिळत नव्हते. तरी दोघांची चर्चा थांबली नाही. देशाचे स्वातंत्र्य आधी की समाजाची सुधारणा आधी, यावर ते रात्री इतक्या मोठ्याने वाद घालत की पहारेकरी त्यांना गप्प बसायला सांगत. पुढे वाचण्या-लिहिण्याची परवानगी मिळाली. तेव्हा आगरकरांनी हॅम्लेट हाती घेतले आणि त्याचे मराठी भाषांतर केले. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. तुरुंगात त्यांचे एकशे एक दिवस गेले होते. त्या दिवसांची हकिकत आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस या पुस्तकात लिहिली आहे. त्यांचे हॅम्लेटचे भाषांतर १८८३ मध्ये विकारविलसित या नावाने छापले गेले.

विकार म्हणजे मनातील तीव्र भावना. उर्दूत आपण त्यांना जज़्बात म्हणतो. विलसित म्हणजे खेळ. मनातील विकार माणसाला कसे खेळवतात, हे दाखवणारे नाटक म्हणून विकारविलसित. पहा, या एका नावातच आगरकरांनी नाटकाचा अर्थ सांगितला आहे. मूळ नाटकाचे नाव नायकाचे आहे. आगरकरांनी मात्र नाटकाचा विषय नावात आणला.

आता नाटकाची गोष्ट थोडक्यात ऐका. हॅम्लेट हा डेन्मार्क देशाचा राजपुत्र. तो परदेशी शिकत असताना वडील अचानक वारतात. काका गादीवर बसतो आणि थोड्याच दिवसांत हॅम्लेटच्या आईशी लग्न करतो. एका रात्री वडिलांचे भूत हॅम्लेटला दिसते. आपण झोपलो असताना भावाने कानात विष ओतून आपल्याला मारले, असे ते सांगते आणि सूड घेण्याची आज्ञा करते. हॅम्लेट वेड्याचे सोंग घेतो. भुताचे बोलणे खरे की खोटे, हे पाहण्यासाठी तो नटांकडून काकासमोर तसाच एक प्रसंग करवून घेतो. काका घाबरून उठून जातो. आता खात्री पटते. तरीही हॅम्लेट काकाला मारत नाही. एकदा काका एकटा प्रार्थना करत असतो, तेव्हाही तो हात आवरतो. पुढे पडद्याआड लपलेल्या म्हाताऱ्या प्रधानाला तो काका समजून ठार करतो. प्रधानाची मुलगी ऑफिलिया हॅम्लेटवर प्रेम करत असते. ती दुःखाने वेडी होऊन पाण्यात बुडते. शेवटी तलवारीच्या सामन्यात हॅम्लेट, त्याची आई, काका आणि प्रधानाचा मुलगा असे सगळेच मरतात. हॅम्लेटचा मित्र होरेशिओ ही हकिकत सांगायला मागे राहतो.

ही गोष्ट वाचल्यावर पुष्कळ विद्यार्थी लगेच सांगतात की हॅम्लेट चांगला आणि काका वाईट. परंतु नाटकातील पात्रे, ज्यांना आपण किरदार म्हणतो, अशी दोन खणांत टाकता येत नाहीत. काका खुनी आहे, पण आपल्या पापाने त्याचे मनही पोळते. तो प्रार्थनेला बसतो, पण पापाने मिळालेली गादी सोडायला तयार होत नाही. हॅम्लेट सज्जन आहे, विद्वान आहे, पण त्याच्याही हातून निरपराध माणूस मरतो. ऑफिलियाने कोणाचे काय वाईट केले होते? तरी इतरांच्या भांडणात तिचा जीव जातो. पात्राची परीक्षा करायची असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. पात्र काय बोलते, काय करते आणि इतर लोक त्याच्याविषयी काय म्हणतात. या तिन्हींत जेथे फरक पडतो, तेथे त्या पात्राचा खरा स्वभाव दिसू लागतो. हॅम्लेट बोलतो सूडाचे, पण करतो उशीर. मग त्याच्या उशिराचे कारण काय, हा प्रश्न उभा राहतो. कोणी म्हणतात तो भित्रा होता. कोणी म्हणतात तो अति विचार करणारा होता. कोणी म्हणतात त्याला न्याय हवा होता, नुसता खून नको होता. चारशे वर्षे लोक या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत.

आगरकरांनाही अशा प्रश्नांची आवड होती. विकारविलसितला त्यांनी विस्तृत प्रस्तावना जोडली. शेक्सपियर, भवभूती आणि कालिदास या तीन नाटककारांवरही त्यांनी निबंध लिहिला. परका म्हणून शेक्सपियर टाकायचा नाही आणि इंग्रजांचा म्हणून त्याला डोक्यावरही घ्यायचे नाही, आपल्या कवींच्या शेजारी ठेवून त्याला तपासायचे, ही त्यांची रीत होती. भाषांतरात त्यांनी पात्रांना आपल्याकडची नावे दिली. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. नट गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन पाहण्यासाठी लोक गर्दी करत. उर्दू रंगभूमीही मागे राहिली नाही. १८९८ च्या सुमारास अहसन लखनवी यांनी याच नाटकावरून खूने नाहक हे उर्दू नाटक लिहिले. डेन्मार्कचा राजपुत्र असा मराठीही बोलला आणि उर्दूही बोलला.

मुलांनो, आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. हॅम्लेट भुताच्या शब्दावर एकदम विश्वास ठेवत नाही. तो आधी पुरावा शोधतो. केसरी-मराठाच्या तरुणांनी मात्र हाती आलेली पत्रे पुरेशी न तपासता खरी मानली होती. त्यांचा हेतू चांगला होता. एका तरुण राजावर अन्याय होऊ नये, असे त्यांना वाटत होते. पण चांगल्या हेतूने खोटा पुरावा खरा होत नाही. ही चूक त्यांना एकशे एक दिवसांना पडली. त्याच खोलीत बसून आगरकर पुरावा शोधणाऱ्या राजपुत्राची गोष्ट मराठीत उतरवत होते. बाहेर कोल्हापूरचा एक राजा खरा वेडा की वेडा ठरवलेला, असा वाद चालू होता आणि कागदावर डेन्मार्कचा राजपुत्र वेड्याचे सोंग घेत होता. मोठी पुस्तके अशीच असतात. ती दूरची गोष्ट सांगतात आणि आपल्या दारातली गोष्ट दाखवतात.

तुरुंगातून सुटल्यावर आगरकरांनी कामाचा वेग वाढवला. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आगरकर तेथे शिकवू लागले. १८८८ मध्ये त्यांनी वाक्यमीमांसा हे मराठी वाक्यांच्या पृथक्करणाविषयीचे पुस्तकही लिहिले. आज तुम्ही व्याकरणाच्या तासाला उद्देश्य आणि विधेय वेगळे करता. मराठीतील त्या अभ्यासाला त्यांनीही हातभार लावला आहे.

पण आता दोन मित्रांच्या वाटा वेगळ्या होऊ लागल्या. आधी स्वराज्याचा प्रश्न सोडवू, असे टिळकांचे मत होते. मुलींची लहानपणी लग्ने, विधवांचे हाल, जातिभेद आणि अज्ञान यांवर आताच बोलले पाहिजे, असे आगरकरांना वाटे. १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला. १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी सुधारक हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याच्या इंग्रजी भागाचे काम गोपाळ कृष्ण गोखले पाहत. एकेकाळी टेकडीवर शेजारी बसून स्वप्ने पाहणारे दोन मित्र आता वर्तमानपत्रांतून एकमेकांवर टीका करू लागले. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीही सोडली. कैदेत एकत्र काढलेले दिवस आठवून दोघांनाही किती दुःख झाले असेल!

सुधारकात आगरकरांनी मुलींनी शिकावे, विधवांना पुन्हा लग्न करता यावे, त्यांचे केस कापण्याची रूढी बंद व्हावी, असे स्पष्ट लिहिले. कोणतीही गोष्ट फार जुनी आहे एवढ्यासाठी ती मानू नये, बुद्धीला पटली तर मानावी, असे ते सांगत. लोक खवळले. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. आपल्या मरणाची मिरवणूक आपल्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. घरी पत्नी यशोदाबाई आणि मुले होती. प्राप्ती बेताची होती आणि दम्याचा विकार छळत होता. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

येथे आगरकर आणि त्यांचा चंद्रसेन यांच्यातील फरक दिसतो. चंद्रसेनाला काय करायचे ते माहीत होते, पण त्याला उशीर झाला आणि त्या उशिरात कितीतरी जीव गेले. आगरकरांना आपले आयुष्य थोडे आहे, हे दम्याने शिकवले होते. जे पटले ते त्यांनी उद्यावर टाकले नाही. त्यासाठी त्यांनी मित्र गमावला, लोकांचा राग सोसला. त्यांची सगळी मते सर्वांना पटलीच पाहिजेत असे नाही. त्यांनाही तसे आवडले नसते. पण पटलेले सांगण्याचे धैर्य कसे असते, हे त्यांच्याकडून शिकावे.

१८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. हे काम त्यांना फार दिवस करता आले नाही. १७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगतात. आईला दिलेला शब्द त्यांनी असा शेवटपर्यंत पाळला. टिळकांनी केसरीत आपल्या जुन्या मित्रावर मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांच्या डोळ्यांतील पाणी थांबत नव्हते, असे म्हणतात. मते वेगळी झाली होती, पण मैत्री मनातून गेली नव्हती.

शेक्सपियरच्या नाटकाच्या शेवटी होरेशिओ आपल्या मित्राची खरी हकिकत जगाला सांगण्यासाठी मागे राहतो. आगरकरांची हकिकत त्यांच्या पुस्तकांनी, त्यांच्या कॉलेजने आणि शाळेत जाणाऱ्या लक्षावधी मुलींनी सांगितली आहे. पुढच्या वेळी राघोबादादांच्या वाड्यावरून जाताना थोडे थांबा. गादीसाठी झालेले खून आठवा आणि तुरुंगाच्या लहानशा खोलीत बसून माणसाचे मन समजून घेणारा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुणही आठवा.

स्वाध्याय

१. आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराला विकारविलसित हे नाव का दिले असावे?

२. पात्राचा स्वभाव ओळखण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी पाहाव्यात? तुमच्या उर्दूच्या पुस्तकातील एखाद्या किरदाराला हीच रीत लावून पाहा.

३. चांगल्या हेतूने खोटा पुरावा खरा होत नाही, हे या पाठातील कोणत्या प्रसंगावरून दिसते?

४. टिळक आणि आगरकर यांची मते वेगळी झाली तरी त्यांची मैत्री मनातून गेली नाही. तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळी लिहा.